जुना होम सर्व्हर चालू, पण पडद्यावर काहीच नाही. अशा वेळी काय करावे?

पावसाळ्याच्या रात्री मानपाड्यातल्या एखाद्या इमारतीत वीज जाते आणि पहाटे परत येते. सकाळी टीव्हीवर घरचे जुने व्हिडिओ लागत नाहीत, मोबाइलमधले फोटो आपोआप साठवणेही थांबलेले असते. कोपऱ्यातल्या जुन्या सर्व्हरचा पंखा मात्र फिरतोय, हिरवा दिवाही लागलाय. मॉनिटर आणून जोडला तर पडद्यावर फक्त 'नो सिग्नल'.

अशा वेळी बहुतेकांना पहिली काळजी मशिनची नसते, फोटोंची असते. मुलांचे वाढदिवस, लग्नाचे चित्रीकरण, आता हयात नसलेल्या आजीचा आवाज, सगळे त्याच डब्यात. दिलासा देणारी गोष्ट ही, की चित्र न दिसणे आणि माहिती नष्ट होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पडद्यावर चित्र आणणारे भाग आणि फाइली साठवणारी हार्ड डिस्क यांचा एकमेकांशी थेट संबंध नसतो. खरे नुकसान अनेकदा बिघाडामुळे नव्हे, तर त्यानंतरच्या घाईमुळे होते.

होम सर्व्हर म्हणजे काय?

घरातल्या सगळ्यांसाठी सतत चालू राहणारा संगणक. फोटो, चित्रपट, कागदपत्रे, सीसीटीव्हीचे चित्रीकरण त्यावर साठते आणि वायफायवरून कोणत्याही फोनवर दिसते. बहुतेक घरांत यासाठी निवृत्त झालेला डेस्कटॉप किंवा एखाद्या कार्यालयातून स्वस्तात मिळालेला छोटा सर्व्हर वापरला जातो. एकदा बसवला की त्याला मॉनिटर आणि कीबोर्ड जोडलेला नसतो. म्हणूनच त्याचे चित्र बंद पडल्याचे कित्येक महिने कोणाला कळतही नाही.

सर्वात आधी काय तपासावे?

सर्व्हर खरोखर बंद पडला आहे, की फक्त चित्र येत नाही, हे आधी ठरवा. त्यासाठी पेटी उघडण्याची गरज नाही.

१. राउटरच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या उपकरणांची यादी बघा. सर्व्हरचे नाव दिसत असेल तर तो जिवंत आहे. वीज गेल्यानंतर राउटरने त्याला नवा पत्ता दिलेला असू शकतो, त्यामुळे जुन्या पत्त्यावर सापडला नाही म्हणून निराश होऊ नका.

२. लॅपटॉपवरून नेहमीचे शेअर केलेले फोल्डर उघडून बघा.

३. सर्व्हरला कीबोर्ड जोडून कॅप्स लॉक दाबा. दिवा लागतो-विझतो का? तसे होत असेल तर मशिन आतून चालू आहे.

४. नेटवर्क केबलच्या खोबणीजवळचा छोटा दिवा लुकलुकतोय का, तेही बघा.

सर्व्हर जिवंत असेल तर?

मग पॉवर बटणाला हात लावू नका. आधी महत्त्वाच्या फाइली नेटवर्कवरूनच दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. जुने मशिन एकदा बंद केले की पुन्हा सुरू होईलच, याची खात्री नसते.

बॅकअप झाल्यावर चित्राकडे वळा. अनेक जुन्या मशिनना सुरू होताना मॉनिटर जोडलेला सापडला नाही, तर ती चित्र पाठवतच नाहीत. नंतर केबल लावून उपयोग होत नाही. म्हणून मॉनिटर आधी जोडा, तो चालू ठेवा आणि मग नेटवर्कवरून सर्व्हर रीस्टार्ट करा. हा 'बिघाड' पुष्कळदा इथेच मिटतो.

काही खऱ्या सर्व्हर मशिनमध्ये दुरून नियंत्रणासाठी वेगळी चिप आणि वेगळी नेटवर्क खोबण असते. एचपीमध्ये तिला आयएलओ, डेलमध्ये आयड्रॅक म्हणतात. ती सुरू असेल तर सर्व्हरची स्थिती लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये दिसते. पूर्ण पडदा दिसण्यासाठी काही मॉडेलना वेगळा परवाना लागतो.

केबल आणि मॉनिटरमध्ये काय चुकते?

जुन्या सर्व्हरला बहुधा फक्त व्हीजीए, म्हणजे पंधरा पिनांची निळी खोबण असते. आजच्या मॉनिटरला किंवा टीव्हीला एचडीएमआय. दोन्ही टोकांना वेगवेगळे प्लग असलेली साधी केबल इथे चालत नाही, कारण व्हीजीएचा सिग्नल अॅनालॉग आणि एचडीएमआयचा डिजिटल असतो. मध्ये सिग्नल बदलणारा कन्व्हर्टर लागतो आणि त्याची दिशा ठरलेली असते. 'एचडीएमआय ते व्हीजीए' घेतला तर 'व्हीजीए ते एचडीएमआय'चे काम होणार नाही. दुकानात हे स्पष्ट सांगून घ्या.

मॉनिटरवर योग्य इनपुट निवडला आहे का, तेही बघा. पडद्यावरचा संदेश नीट वाचा. 'नो सिग्नल' म्हणजे काहीच येत नाही. 'आउट ऑफ रेंज' म्हणजे सिग्नल येतोय, पण तो आकार त्या मॉनिटरला झेपत नाही. तिथे सर्व्हर ठणठणीत असतो.

मशिनमध्ये वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्या कार्डालाच लावा. कार्ड बसवल्यावर बहुतेक मदरबोर्ड स्वतःची खोबण बंद करतात. उलट, वीज वाचवायची म्हणून कोणी ते कार्ड काढून ठेवले असेल तर प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आहे का, हे बघावे लागते. झिऑन ई३-१२३० सारख्या प्रोसेसरमध्ये, नावाच्या शेवटी 'एफ' असलेल्या इंटेल कोअरमध्ये आणि रायझेनच्या पहिल्या काही पिढ्यांतील 'जी' नसलेल्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये ते नसते. तिथे मदरबोर्डच्या खोबणीतून चित्र येणारच नाही.

वीज गेल्यावरच हा त्रास का सुरू होतो?

मदरबोर्डवर नाण्याएवढी बॅटरी असते, सीआर २०३२. मशिनला वीज नसताना घड्याळ आणि बायोसच्या सेटिंग तीच जपते. सर्व्हर चोवीस तास चालू असतो तोवर ती संपल्याचे कळत नाही. वीज गेली की सेटिंग पुसल्या जातात. मग मशिन सुरू होताना 'पुढे जाण्यासाठी एफ१ दाबा' असे म्हणत तिथेच थांबते. मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही. त्यामुळे ते थांबून राहिले आहे, हे कोणालाच दिसत नाही.

चित्र नसले तरी कीबोर्ड जोडा, दोन मिनिटे थांबा आणि एफ१ दाबून बघा. सर्व्हर नेटवर्कवर आला तर दोष सापडला. नव्या बॅटरीचा दाब सुमारे ३ व्होल्ट असतो. मल्टिमीटरवर २.७ किंवा त्याहून कमी दिसला तर ती बदला. किराणा किंवा घड्याळाच्या दुकानातही मिळते.

बॅटरी बदलल्यावर तारीख-वेळ, वीज आल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय आणि डिस्कचा मोड, या तीन सेटिंग पुन्हा बघा. डिस्कचा मोड बदलला गेला तर डिस्क रिकाम्या किंवा गायब दिसू शकतात. घाबरून 'इनिशियलाइझ' किंवा 'फॉरमॅट'वर कधीही क्लिक करू नका. आधीचा मोड परत निवडल्यावर त्या बहुतेक वेळा दिसू लागतात.

पेटी उघडायची वेळ आली तर क्रम कोणता?

प्लग भिंतीतून काढा. मग पॉवर बटण दहा सेकंद दाबून आत उरलेली वीज जाऊ द्या. हात पेटीच्या रंग नसलेल्या धातूला लावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाईल. मोबाइलवर आतले फोटो काढा आणि डिस्कच्या केबलींना १, २, ३ असे कागद चिकटवा. ही दोन मिनिटे पुढे तासभर वाचवतात.

● पॉवरच्या जोडण्या : मदरबोर्डला मोठी २४ पिनांची आणि प्रोसेसरजवळ ४ किंवा ८ पिनांची वेगळी जोडणी असते. दुसरी सैल असेल तर पंखे फिरतात, दिवे लागतात, पण चित्र येत नाही.

● रॅम : सगळ्या पट्ट्या काढा. एकच पट्टी बसवा आणि मशिन सुरू करा. चित्र नाही आले तर दुसरी पट्टी, मग दुसरी खोबण, असे आलटून पालटून बघा. सोनेरी कडा खोडरबराने घासण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. पण मुलामा पातळ असतो, म्हणून जोर लावू नका. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेला सुती कपडा अधिक सुरक्षित. प्रत्येक बदलानंतर पाच मिनिटे थांबा. जुने सर्व्हर रॅम तपासायला बराच वेळ घेतात आणि तोवर पडदा काळाच राहू शकतो.

● ग्राफिक्स कार्ड : काढून पुन्हा घट्ट बसवा. शक्य असल्यास चालू असल्याची खात्री असलेले दुसरे कार्ड लावून बघा.

● किमान जोडणी : तरीही चित्र नसेल तर डिस्क, डीव्हीडी, जादा कार्डे सगळे सोडवा. प्रोसेसर, त्याचा पंखा, एक रॅम आणि चित्राची सोय एवढेच ठेवा. चित्र आले तर एकेक भाग परत जोडत जा. ज्याने चित्र जाईल, तो दोषी. प्रत्येक वेळी प्लग काढूनच हात घाला.

● कपॅसिटर : मदरबोर्डवरच्या छोट्या नळकांड्यांची टोके फुगलेली किंवा चिकट दिसतात का? २००० नंतरच्या काही वर्षांत बनलेल्या अनेक बोर्डांत हा दोष मोठ्या प्रमाणावर आढळला होता. एसएमपीएसची पेटी मात्र घरी कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही तिच्यात धोकादायक वीज साठलेली असते.

'बीप' काय सांगतात?

सुरू होताना मशिन स्वतःची तपासणी करते. चित्र दाखवण्याआधीच काही अडले तर ते आवाजाने सांगते. जुन्या अवॉर्ड बायोसमध्ये एक लांब आणि दोन आखूड बीप म्हणजे चित्राच्या भागात दोष. एएमआय बायोसमध्ये आठ आखूड बीप त्याच दिशेने बोट दाखवतात. सतत वाजणारे बीप बऱ्याचदा रॅमचे असतात. अर्थ बोर्डाप्रमाणे बदलतो, म्हणून आपल्या बोर्डाची पुस्तिका बघा. आवाजच येत नसेल तर बोर्डावर छोटा स्पीकर जोडलेला आहे का ते तपासा. अनेक पेट्यांत तो नसतोच.

कंपनीचे चिन्ह दिसते आणि मग पडदा काळा होतो, तर?

मग हार्डवेअर बहुधा ठीक आहे. ऑपरेटिंग सिस्टीम ग्राफिक्सचा ताबा घेताना अडखळते आहे. लिनक्स असेल तर सुरुवातीच्या मेनूत 'नोमोडसेट' हा पर्याय जोडून साध्या चित्रावर काम भागवता येते. सर्व्हर नेटवर्कवर सापडत असेल तर तेही करण्याची घाई नाही.

मानपाड्यात काय वेगळे?

मानपाडा नावाचे दोन परिसर आहेत. एक ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर, दुसरा डोंबिवली पूर्वेला एमआयडीसीच्या शेजारी. दोन्हीकडे जून ते सप्टेंबर हवा दमट असते आणि दमट हवेत रॅमच्या कडा, खोबण्या व पिना लवकर खराब होतात. औद्योगिक पट्ट्याजवळ त्यात आणखी भर पडू शकते, कारण गंधकयुक्त वायू तांबे आणि चांदी काळवंडून टाकतात. म्हणून पावसाळ्यानंतर चित्र गेले तर नवा भाग घेण्याआधी सगळ्या जोडण्या काढून, साफ करून पुन्हा बसवणे फायद्याचे ठरते.

सर्व्हर खिडकीजवळ, ओल आलेल्या भिंतीला टेकवून किंवा थेट जमिनीवर ठेवू नका. यूपीएस लावा आणि प्लगला अर्थिंग आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

जुनी डीडीआर३ रॅम, ग्राफिक्स कार्ड किंवा कन्व्हर्टर स्थानिक दुकानात मिळाला नाही, तर मुंबईतला लॅमिंग्टन रोड आहेच. दादरला पश्चिम रेल्वेची धीमी गाडी पकडून ग्रँट रोडला उतरायचे. जाताना जुनी पट्टी सोबत न्या. सर्व्हरची 'रजिस्टर्ड' रॅम आणि साध्या डेस्कटॉपची रॅम दिसायला सारखी असली तरी एकमेकींच्या जागी चालत नाहीत.

काहीच जमले नाही तर फोटो कसे काढायचे?

डिस्क काढून यूएसबी अॅडॉप्टरने लॅपटॉपला जोडा. मोठ्या, साडेतीन इंची डिस्कला वेगळा पॉवर लागतो, त्यामुळे तो पुरवणारा अॅडॉप्टर घ्या. सर्व्हर लिनक्सवर चालत असेल तर विंडोजला ती डिस्क वाचता येत नाही आणि ते 'फॉरमॅट करायची का?' असे विचारते. उत्तर 'नाही' हेच. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून फाइली उतरवून घ्या.

एकापेक्षा जास्त डिस्क 'रेड' पद्धतीने जोडलेल्या असतील, तर क्रम लिहून ठेवा आणि एकेक डिस्क जोडून प्रयोग करू नका. डिस्क कूटबद्ध असेल तर पासवर्ड किंवा किल्ली लागेलच. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर ती लगेच बंद करून जाणकाराकडे न्या.

दुरुस्त करावा की निरोप द्यावा?

बॅटरी, केबल, रॅम किंवा जुने कार्ड एवढ्यावर भागत असेल तर दुरुस्ती परवडते. मदरबोर्डच गेला असेल तर डिस्क दुसऱ्या मशिनमध्ये लावणे शहाणपणाचे. जुनी पेटी भंगारात देण्याऐवजी नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे द्या; देशात १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत. देण्यापूर्वी डिस्क काढून घ्यायला विसरू नका.

आणि सर्व्हर पुन्हा सुरू झाला, तर त्याच दिवशी एक काम करा. महत्त्वाच्या फाइलींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. ती तिसरी प्रत पुण्याच्या मावशीच्या कपाटातली डिस्क असली तरी चालेल. पुढच्या पावसाळ्यात पडदा काळा झाला, तर काळजी फक्त मशिनचीच करावी लागेल.