श्रेयनामावलीत नसलेला व्हायब्राफोन

जालन्यात माझे गज-पत्र्यांचे दुकान आहे. कापलेला तुकडा फरशीवर पडला की त्याचा सूर कोणता, हे ओळखायची खोड मला लहानपणापासून. पुढे व्हायब्राफोनच्या नादी लागलो त्याचे मूळ तिथेच असावे. दुकान बंद झाल्यावर रोज तासभर वाजवतो. हौस आहे, त्यापलीकडे दावा नाही.

वाद्य मिळण्याआधी मी पट्टी स्वतः घडवून पाहिली. ॲल्युमिनियमची पट्टी मधोमध टांगून ठोकली तर ठप्प वाजते. दोन्ही टोकांपासून लांबीच्या बावीस टक्क्यांहून किंचित पुढे आधार दिला की गाऊ लागते, कारण त्या दोन जागा थरथरत नाहीत. तार निम्मी केली तर सूर एक सप्तक चढतो. तेवढ्याच जाडीची पट्टी निम्मी केली तर दोन सप्तके! हे कळेपर्यंत माझ्या बऱ्याच पट्ट्या भंगारात गेल्या. पट्टी खालून मध्यभागी कमानीसारखी कोरतात, ती मूळ सुराच्या वरचा नाद बरोबर दोन सप्तकांवर बसावा म्हणून. हे कोरणे मला अजून साधलेले नाही.

वाद्य तसे तरुण. 1921च्या सुमारास अमेरिकेतील लीडी कंपनीत हर्मन विंटरहॉफ यांनी पट्ट्यांखालच्या नळ्यांत मोटरने फिरणाऱ्या चकत्या बसवून सुराला कंप दिला. 1927मध्ये डीगन कंपनीच्या हेन्री श्लूटर यांनी पोलादाऐवजी ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आणि नाद थांबवणारे पेडल आणले. पेडलमुळेच सूर लांबवणे-तोडणे वादकाच्या पायाशी आले. 1930मध्ये लुई आर्मस्ट्राँगच्या ध्वनिमुद्रणात लायोनेल हॅम्प्टनने ते वाजवले आणि जॅझने वाद्य आपले म्हटले.

मुंबईला जॅझ लवकर पोचला. 1935मध्ये लिऑन ॲबी आपला कृष्णवर्णीय वादकांचा ताफा घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. गोव्याच्या वादकांनी ती विद्या आत्मसात केली आणि पोटासाठी चित्रपटांच्या स्टुडिओत नेली. पुणतांब्याचे सी. रामचंद्र आणि ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट (मूळ नाव अँटोनियो झेवियर वाझ) यांची जोडी ‘अलबेला’त (1951) ऐकू येते. व्हायब्राफोन मात्र मुख्यतः एका पारशी घराने सांभाळला. कावस लॉर्ड तालवादक, त्यांचे पुत्र केर्सी आणि बुर्जोर ऊर्फ बुजी. दोघांनीही व्हायब्राफोन वाजवला. केर्सींचा हात ॲकॉर्डियन, ग्लॉकेनश्पीलवरही तेवढाच चाले.

आता माझी चूक सांगतो. ‘हम दोनो’मधले (1961) देव आनंद बेफिकिरीने चिंता धुरात उडवतो ते गाणे मी वर्षानुवर्षे व्हायब्राफोनचे म्हणून लोकांना ऐकवले. ते ग्लॉकेनश्पील आहे, वादक केर्सी लॉर्ड. ग्लॉकेनश्पीलच्या पट्ट्या पोलादाच्या, नाद टोकदार आणि उंच. व्हायब्राफोनचा मऊ, रेंगाळणारा. पोलाद विकून घर चालवणाऱ्याला हा फरक कळू नये, याची लाज वाटली. पण चुकीला कारणही होते. पडद्यावर संगीतकार जयदेव यांचे नाव येते, वादकांचे नाही. ग्रेगरी बूथ यांनी 2008च्या ‘बिहाइंड द कर्टन’मध्ये या वादकांना बोलते केले, तेव्हा अनेक वादकांचे वय झाले होते. केर्सी 2016मध्ये गेले.

जालन्यासारख्या गावात हे वाद्य कुणी पाहिले नव्हते असे म्हणतात. पाहिले नसेल, ऐकले मात्र प्रत्येकाने आहे. टॉकीजमध्ये, रेडिओवर, लग्नाच्या मांडवात. नाव माहीत नसलेल्या वादकाकडूनच आपण सगळे शिकलो, आणि मी तर अक्षरशः: कॅसेट थांबवून, मागे नेऊन, एकेक सूर पट्टीवर शोधत. शिक्षक नसल्याने पेडल केव्हा सोडायचे हे मला फार उशिरा उमगले. सुरुवातीला सगळे सूर एकमेकांत मिसळून देवळातल्या घंटांसारखा कल्लोळ व्हायचा. आता बारा मात्रांचा नव्हे, बारा आवर्तनांचा ब्लूज मोटर बंद ठेवून सावकाश वाजवतो. चार काठ्या धरायला अजून बोटे तयार नाहीत.

‘हम दोनो’च्या कॅसेटवर मी बॉलपेनने ‘केर्सी लॉर्ड’ असे लिहिले आहे. बाकीच्या कॅसेटींवर संगीतकाराच्या नावाखाली एक ओळ कोरी ठेवली आहे.