टक् टक्

मंडळी, महिनाभर इथे काही लिहिले नाही. दोघातिघांनी फोन करून प्रकृतीची चौकशी केली. प्रकृती उत्तम आहे. आजारी होता तो आमचा संगणक. आता तोही बरा झाला आहे, पण त्याच्या आजारपणात जे कळले ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. शाळेत इतिहास शिकवण्यात छत्तीस वर्षे गेली, त्यामुळे थोडे मागे जाऊन सांगेन. सवय जात नाही!

संगणक चालू केला की आतून टक् टक् असा आवाज यायचा, पाल चुकचुकावी तसा. पाल चुकचुकली तर आपण निदान ‘कृष्ण कृष्ण’ म्हणतो. मी तेवढेही केले नाही. पंधरा दिवस तसेच काम रेटले. सोळाव्या दिवशी पडदा काळा झाला आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत एक ओळ आली, की सुरू होण्यासाठी लागणारी डिस्क सापडत नाही.

खरी भीती वेगळीच होती. आमची आई जात्यावर ओव्या म्हणत असे. ती असतानाच, म्हणजे १९८० च्या सुमारास, मी तिच्यापुढे बसून त्या चार वह्यांत उतरवून घेतल्या. पुढे २००४-०५ मध्ये त्या संगणकावर टाईप केल्या, एका वहीची एक फाईल. संगणक बदलला तेव्हा फाईली नव्या संगणकात गेल्या. आणि वह्या? त्या माळ्यावर होत्या. एका पावसाळ्यात वाळवीने त्यांचा भुगा केला. तेव्हा मी मोठ्या ऐटीत म्हणालो होतो, ‘जाऊ दे, संगणकात आहेत.’

भाच्याला फोन केला. तो याच क्षेत्रातला. म्हणाला, “मामा, आधी बंद करा आणि मी येईपर्यंत हात लावू नका.” शनिवारी आला. मी म्हटले, “विंडोज पुन्हा टाक, म्हणजे सुरू होईल.” तो हसला. “मामा, घराला आग लागलीय आणि तुम्ही रंगारी बोलवताय. आधी सामान बाहेर काढू.”

मग त्याने समजावून सांगितले. डिस्कच्या डबीत चकचकीत चकत्या असतात, त्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात. त्यांच्यावर काही नॅनोमीटर उंचीवर वाचणारे इवलेसे डोके तरंगत असते. त्याला आपली जागा सापडली नाही की ते मागे जाते आणि पुन्हा प्रयत्न करते. तोच टक् टक् आवाज. अशा डिस्कवर नवी सिस्टीम टाकणे म्हणजे उरलेसुरले पुसून टाकणे. त्याने डिस्क काढून आपल्या संगणकाला जोडली आणि तिची नक्कल करणारा एक प्रोग्राम लावला. तो प्रोग्राम खराब जागा आधी सोडून देतो, चांगला भाग उतरवून घेतो आणि मग मागे येऊन अवघड जागांशी झटत बसतो. परीक्षेला बसणाऱ्या मुलांना मी हेच सांगत आलो: येणारे प्रश्न आधी सोडवा!

नक्कल व्हायला रात्रभर लागणार होती. झोप येईना, म्हणून भाच्याच्या लॅपटॉपवर या डिस्कचा इतिहास वाचत बसलो. आणि काय सांगू, तिच्या जन्मदात्यांत एक मास्तर निघाला!

रेनॉल्ड जॉन्सन हे अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवत. पेपर तपासण्याचा कंटाळा कोणत्या मास्तराला नसतो? पेन्सिलीच्या शिशातून वीज वाहते, या साध्या गोष्टीचा उपयोग करून त्यांनी पेन्सिलीच्या खुणा ओळखून उत्तरपत्रिका तपासणारे यंत्र बनवले. त्या जोरावर १९३४ साली आयबीएम कंपनीने त्यांना नोकरीवर घेतले. १९५२ साली कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथे नवी प्रयोगशाळा काढायला कंपनीने त्यांनाच पाठवले. तिथे त्यांच्या हाताखालच्या मंडळींनी जी वस्तू घडवली ती सप्टेंबर १९५६ मध्ये जगापुढे आली. तिचे नाव रॅमॅक.

तोवर माहिती भोके पाडलेल्या कार्डांवर किंवा चुंबकीय फितीवर असे. फितीवरचे शेवटचे नाव हवे तर सगळी फीत फिरवा. रॅमॅकमध्ये २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक उभ्या रचलेल्या होत्या. त्यांवर लोखंडाच्या ऑक्साईडचा रंग दिलेला होता. एक दांडा वरखाली सरकून हव्या त्या तबकडीपाशी जाई आणि सेकंदाच्या आसपास हवे ते काढून देई. वजन टनाच्या घरात, आणि मावायची किती? पन्नास लाख अक्षरे! मोबाईलवर काढलेल्या एखाद्या चांगल्या फोटोला आज तेवढी जागा लागते.

इतिहासाच्या मास्तराला आनंद व्हावा अशी एक गोष्टही सापडली. १९५८ साली ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात हे यंत्र मांडले होते. एखादे साल सांगायचे, की त्या सालातल्या घटना ते छापून देई, तेही दहा भाषांत. त्याला नाव दिले होते प्रोफेसर रॅमॅक.

पुढे १९७३ साली आयबीएमनेच ‘विंचेस्टर’ नावाने प्रसिद्ध झालेली बंद डबीतली रचना आणली. १९८० साली सीगेट कंपनीने पाच मेगाबाईटची छोटी डिस्क काढली. म्हणजे चोवीस वर्षांत टनभर वजनाचे यंत्र टेबलावरच्या संगणकाच्या पोटात गेले. क्षमता वाढत गेली, आकार घटत गेला, पण एक गोष्ट बदलली नाही: चकती कधीतरी बंद पडणारच. गूगलच्या संशोधकांनी २००७ साली लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास मांडला. बिघडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांनी धोक्याच्या मुख्य खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. आमच्या बिचारीने तर पंधरा दिवस हाका मारल्या होत्या.

सकाळी निकाल लागला. चारपैकी तीन फाईली आल्या. तिसऱ्या वहीची नेमकी खराब जागेत अडकली होती. भाच्याने नवी डिस्क बसवून सिस्टीम टाकली. ही नवी डिस्क चकतीची नाही, चिपची. आवाज नाही, फिरणे नाही. त्यानंतर मी पहिल्या वहीची फाईल उघडली, आणि पाहतो तो काय, मराठीचा पत्ताच नाही! नुसती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी.

भाच्याच्या लगेच लक्षात आले. २००४ साली मी ज्या फॉन्टमध्ये टाईप केले होते, तो युनिकोड नव्हता. आतमध्ये इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक साठवलेले, फॉन्ट त्यांना मराठीचा अंगरखा चढवायचा. जुन्या सिस्टीमबरोबर फॉन्ट गेला आणि अंगरखा उतरला. मला आजोबांची पत्र्याची पेटी आठवली. तिच्यात जमिनीचे मोडीतले कागद आहेत. कागद धड, शाई धड, फक्त वाचणारे गेले. विसाव्या शतकाच्या मध्याला शाळांतून मोडी गेली आणि दोन पिढ्यांत घरातली पेटी मुकी झाली. माझ्या फाईलला तर वीसच वर्षे पुरली!

सुदैवाने तोच फॉन्ट एका जुन्या सीडीत मिळाला. तीनही फाईली भाच्याने युनिकोडमध्ये आणून दिल्या. तिसरी मात्र गेली ती गेलीच. त्या वहीत माहेराच्या आणि भावाच्या ओव्या होत्या.

चार दिवस मनाला लागून राहिले. मग आक्काला फोन केला. ती ब्याऐंशी वर्षांची. लहानपणी आईबरोबर जात्याच्या खुंट्याला तिचाही हात असे. सगळी हकिकत ऐकून म्हणाली, “अरे, मग मला आधी नाही का विचारायचंस?” आणि फोनवरच सुरू झाली. जाते नव्हते, पण हात फिरत असावा असा तिचा आवाज हलत होता. मी लिहून घेत गेलो. आठ दिवसांत एकेचाळीस ओव्या झाल्या. वहीत शंभराच्या आसपास होत्या. काही तिला अर्ध्याच आठवल्या, काहींत शब्द बदलले होते. आणि सात तर अशा, की माझ्या वहीत कधी नव्हत्याच. “ह्या आईनं तुझ्यापुढे म्हटल्या नसतील,” आक्का म्हणाली. “भावापुढे कशाला म्हणेल?”

मी समजत होतो की वहीत आले म्हणजे राहिले, संगणकात गेले म्हणजे राहिले. पण ठेवलेली वस्तू राहत नाही, उतरवत राहिलेली राहते. वहीतून डिस्कवर, जुन्या अक्षरांतून नव्या अक्षरांत, आणि एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात. त्यात मध्ये कुठे आळस केला की वाळवी येते. जॉन्सन मास्तरांनी निवृत्तीनंतर लहान मुलांसाठी बोलणारी पुस्तके करण्याचे तंत्र काढले, असे त्या रात्री वाचले होते. मला ते फार आवडले.

असो. आता ओव्यांच्या चार नकला आहेत: एक संगणकात, एक भाच्याकडे, एक पेनड्राईव्हवर कपाटात आणि एक कागदावर छापून आक्काकडे. आक्काला त्या कागदांची गरज नाही. तिने नातीला समोर बसवून शिकवायला घेतले आहे. नात म्हणते, चाल फार संथ आहे.

आणि मंडळी, तुमच्याकडे टक् टक् ऐकू येत असेल किंवा नसेल, आज रात्री नक्कल करून ठेवा.