वार आणि सही

पुण्याच्या जुन्या नियतकालिकांवर काम करायला कोणी विद्यार्थी आला, की मी आधी दोन गोष्टी विचारतो : हे पत्र किती दिवसांनी निघायचं आणि त्यात लिहायचं कोण? त्यांची उत्तरं न शोधता उतरवून घेतलेल्या मजकुराला मी पुरावा मानत नाही.

नुसत्या नावावर जाऊ नये. 'ज्ञानप्रकाश' १८४९ साली साप्ताहिक म्हणून निघाला आणि १९०४ साली दैनिक झाला. नाव तेच राहिलं, पण आठवडाभराच्या घडामोडींवर विचार करून लिहिणं वेगळं आणि रोजची बातमी रोज छापणं वेगळं. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' १८७४ची. मासिक खरी, पण बहुतेक मजकूर एकट्या शास्त्रीबोवांचा. तिच्यातून एका प्रखर लेखकाची मतं कळतात. त्यांना पुण्याचं लोकमत म्हणता येणार नाही.

सर्वांत जास्त घोळ होतो तो 'केसरी'च्या बाबतीत. ४ जानेवारी १८८१ला हे साप्ताहिक सुरू झालं. अग्रलेखाखाली सही नसे, म्हणून पहिल्या वर्षांतले अग्रलेखही सरसकट टिळकांच्या नावावर घातले जातात. वास्तविक १८८७पर्यंत संपादक होते गोपाळ गणेश आगरकर. टिळकांकडे इंग्रजी 'मराठा' होता. कोल्हापूर प्रकरणातल्या बदनामीच्या खटल्यात १८८२ साली दोघं डोंगरीच्या तुरुंगात गेले, ते या दोन पत्रांचे संपादक म्हणूनच. १८८८ला आगरकरांनी 'सुधारक' काढला. त्यानंतरचा सामाजिक वाद समजून घ्यायचा, तर 'केसरी' आणि 'सुधारक' या दोन्ही पत्रांच्या फायली शेजारी ठेवूनच वाचाव्या लागतात.

त्रैमासिक म्हटलं की ते निःपक्षपाती, असंही नाही. सार्वजनिक सभेचं इंग्रजी त्रैमासिक १८७८चं. त्यातले कितीतरी लेख न्यायमूर्ती रानड्यांचे, पण विनासहीचे. भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना १९१०ची. त्याच्या त्रैमासिकात मोडी कागदांची देवनागरी वाचनं छापली जात. तिथला कागद हे साधन आणि त्यावरचं विवेचन हे संशोधकाचं मत. दोन्ही एकाच टिपेत मिसळू नयेत.

म्हणून माझी विनंती आहे : टिपेत पत्राच्या नावापुढे तारीख, अंक, दैनिक-साप्ताहिक-मासिक यांपैकी काय, संपादक कोण आणि लेखाखाली सही होती की नाही, एवढं नोंदवा. तुमच्यामागून येणाऱ्याला तोच अंक काढून तुमचं म्हणणं तपासता आलं पाहिजे.