सुपरचार्जर बसवला, पण पेट्रोल कमी पडते

इंजिनात अधिक हवा कोंबली की ताकद वाढते, हे सुपरचार्जरचे साधे गणित आहे. मात्र त्या हवेला पुरेल एवढे पेट्रोलही त्याच क्षणी सिलिंडरमध्ये पोहोचावे लागते आणि कमी खर्चात बसवलेल्या सुपरचार्जरची खरी परीक्षा येथेच होते. हवा जास्त आणि पेट्रोल कमी अशा मिश्रणाला गॅरेजच्या भाषेत 'लीन' म्हणतात. सपाट रस्त्यावर संथ गतीने जाताना मिश्रण किंचित लीन झाले, तरी फारसे बिघडत नाही. सुपरचार्जर दाब देत असताना मात्र ज्वलनाचे तापमान वाढते, ठिणगीने पेटलेली ज्योत पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण भडकते आणि इंजिन 'नॉकिंग' करू लागते. हेड गॅस्केट फुटायला किंवा दट्ट्याची कड वितळायला मग काही सेकंदही पुरतात.

अमेरिकेतील फोर्ड मस्टँग ही मोटार या दुखण्याचे आणि त्यावरील स्वस्त उपायांचे उत्तम उदाहरण आहे. तिच्या पाच लीटर व्ही-८ इंजिनाला १९८६ मध्ये प्रत्येक सिलिंडरसाठी स्वतंत्र इंजेक्टर मिळाला. आपल्याकडे हीच पद्धत पुढे 'एमपीएफआय' या आद्याक्षरांनी घरोघरी माहीत झाली. १९८७ पासून या इंजिनाची ताकद २२५ अश्वशक्ती होती. गाडी फार महाग नव्हती आणि सुटे भाग मुबलक होते, त्यामुळे घरच्या गॅरेजमध्ये सुपरचार्जर बसवणाऱ्यांची ती लाडकी ठरली.

या इंजिनाचा प्रत्येक इंजेक्टर ३९ पौंड प्रति चौरस इंच दाबाला (टायरमधील हवा ज्या मापाने मोजतात, तेच हे माप) तासाला सुमारे ८.६ किलो पेट्रोल देतो. आठ इंजेक्टर अखंड उघडे राहिले, तरी तासाला ६९ किलो होतात. सुपरचार्जरच्या इंजिनाला दर अश्वशक्तीमागे तासाला साधारण २७० ग्रॅम पेट्रोल लागते. म्हणजे ३०० अश्वशक्तीसाठी ८१-८२ किलो हवे. शिवाय इंजेक्टर शंभर टक्के वेळ उघडा ठेवायचा नसतो. ८५ टक्के ही सुरक्षित मर्यादा मानली जाते. त्या हिशेबाने प्रत्येक इंजेक्टरकडून तासाला १२ किलोंची अपेक्षा आहे. तूट येथेच दिसते आणि कोणताही महागडा प्लग किंवा बाटलीतले औषध ती भरून काढू शकत नाही.

तरीही नवे सामान विकत घेण्याआधी जुने तपासणे शहाणपणाचे. जाळी भरलेला पेट्रोल फिल्टर हा पहिला संशयित. दुसरी तपासणी फुकटची आहे, पण तिच्याकडे दुर्लक्ष होते. इंजेक्टरांच्या नळीवरील दाब-नियंत्रकाला मॅनिफोल्डमधून येणारी एक बारीक रबरी नळी जोडलेली असते. सुपरचार्जरने ८ पौंड दाब दिला, की हा नियंत्रक पेट्रोलचा दाबही ८ पौंडांनी वाढवतो आणि इंजेक्टरच्या दोन्ही बाजूंतील फरक ३९ पौंडच राहतो. ही नळी निसटली किंवा चिरली तर फरक ३१ पौंडांवर येतो आणि पेट्रोल सुमारे ११ टक्क्यांनी घटते. पंधरा-वीस वर्षे जुनी नळी दाबाखाली सहज निसटते. साधा प्लॅस्टिकचा पट्टा आवळून हा धोका टळतो.

तिसरा मुद्दा पंपाच्या विजेचा. जुन्या वायरी आणि गंजलेल्या जोडांमुळे टाकीतील पंपापर्यंत पोहोचताना एक-दोन व्होल्ट गळतात आणि पंप मंदावतो. बॅटरीपासून थेट जाड वायर टाकून, मध्ये फ्यूज आणि रिले बसवला, तर त्याच पंपाकडून अधिक काम होते. तथापि मस्टँगचा मूळ पंप तासाला ८८ लीटरचा आहे आणि ८२ किलो पेट्रोल म्हणजे ११० लीटर. त्यामुळे पंप बदलण्याला पर्याय नाही. तासाला २५५ लीटर देणारा वॉल्ब्रोचा पंप या कामासाठी अमेरिकेत सर्वाधिक परिचित आहे.

आता प्रत्यक्ष तूट भरून काढण्याकडे वळावे. सर्वांत स्वस्त आणि जुना उपाय म्हणजे मूळ नियंत्रकानंतर, टाकीकडे परतणाऱ्या नळीवर आणखी एक नियंत्रक बसवणे. त्याला 'एफएमयू' म्हणतात. सुपरचार्जरचा दाब त्याच्या पडद्यावर पडला, की तो परतीची वाट आवळतो आणि इंजेक्टरांकडील दाब झपाट्याने चढतो. सुपरचार्जरच्या एका पौंडामागे पेट्रोलचे किती पौंड वाढावेत, हे आतील चकतीवर ठरते. व्होर्टेकसारख्या कंपन्यांनी चारपासून बारापर्यंतच्या प्रमाणाच्या चकत्या दिल्या होत्या.

या उपायाला निसर्गनियमाचीच मर्यादा आहे. इंजेक्टरमधून जाणारे पेट्रोल दाबाच्या प्रमाणात वाढत नाही, त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. ८.६ चे १२ किलो करायचे म्हणजे १.४ पट वाढ, त्यासाठी दाबातील फरक जवळपास दुप्पट, म्हणजे ७६ पौंड हवा. त्यात सुपरचार्जरचे ८ पौंड मिळवले की नळीत ८४ पौंड होतात. एवढ्या दाबाविरुद्ध ढकलताना पंपाचा पुरवठा घटतो, जुने रबर ताणले जाते आणि फार पुढे गेल्यास इंजेक्टरची सुई उघडेनाशी होते. थोडक्यात, ६ ते ८ पौंडांच्या सुपरचार्जरला एफएमयू पुरतो; त्यापुढे त्याच्यावर विसंबणे म्हणजे जुगार आहे.

दुसरा मार्ग मोठ्या इंजेक्टरांचा. तासाला १३.६ किलोंचे इंजेक्टर या मोटारीत सहज बसतात, परंतु संगणकाला ते ठाऊक नसते. त्यासाठी हवा मोजणारा मीटरच बदलतात. हा 'कॅलिब्रेटेड' मीटर शंभर भाग हवा आत जात असताना संगणकाला त्रेसष्ट भाग सांगतो. संगणक त्या मानाने इंजेक्टर कमी वेळ उघडतो आणि हिशेब जुळतो. मूळचा ५५ मिलिमीटरचा मीटर मोठ्या प्रवाहात आपली कमाल मर्यादा गाठतो, तीही अडचण सुटते. पण या थापेची किंमत असते. इंजिनावर भार कमी आहे अशी समजूत झालेला संगणक ठिणगी लवकर पाडू लागतो. मिश्रण सुधारले आणि नॉकिंग मात्र कायम, ही तक्रार अनेकदा येथूनच जन्म घेते. म्हणून टायमिंग मागे घेणे आवश्यक ठरते. (हवा मोजणारा मीटर १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातील आणि १९८९ पासून सर्वच पाच लीटर मस्टँगना मिळाला, त्याआधीच्या गाड्यांना ही युक्ती लागू नाही.)

संगणकालाच खरे सांगणे हा अर्थातच सरळ मार्ग. ब्रूस बाउलिंग आणि अल ग्रिपो यांनी २००१ मध्ये मांडलेल्या 'मेगास्क्वर्ट' या स्वतः जोडता येणाऱ्या नियंत्रकामुळे तो हौशी लोकांच्याही आवाक्यात आला. त्यासाठी लागणारी चिकाटी मात्र प्रत्येकाकडे असतेच असे नाही.

यापैकी काहीच परवडत नसेल, तर सुपरचार्जरवर मोठी पुली बसवून त्याचे फेरे कमी करावेत. दाब घटतो, ताकद थोडी जाते आणि इंजिन वाचते. हौशी मंडळींना हा उपाय कमीपणाचा वाटतो, परंतु सर्वांत कमी खर्चाचा तोच आहे. १९९३ च्या मस्टँगमध्ये आधीच्या घडीव दट्ट्यांऐवजी ओतीव दट्टे आले. ते नॉकिंग कमी सोसतात, म्हणून त्या वर्षीच्या गाडीसाठी तर त्याचा आधी विचार व्हावा.

दुरुस्ती झाली की नाही, हे कानाने किंवा प्लगच्या रंगाने ठरवू नये. एक्झॉस्टमधील मूळ ऑक्सिजन सेन्सर १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल या प्रमाणाच्या आसपासच नेमके सांगतो, तर दाबाखाली हवे असते साडेअकरा ते बारा. तेथे 'वाइडबँड' सेन्सरच लागतो आणि खर्चात कपात करायची झाल्यास ती येथे करू नये. अमेरिकेत आज सर्रास मिळणाऱ्या दहा टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला १४.७ ऐवजी सुमारे १४.१ भाग हवा लागते. म्हणजे जुन्या हिशेबाला काठावर पुरणारे इंजेक्टर तेवढ्यानेच आणखी चार टक्के तोकडे पडतात.

पेट्रोलचा दाबही याच वेळी पाहावा. इंजेक्टरांच्या नळीवर त्यासाठी टायरच्या नळीसारखा झडप असलेला तोटा आहे. दाबाखालील पेट्रोल गाडीच्या आत आणणे धोक्याचे असल्याने मीटर पुढच्या काचेवर बाहेरून चिकटवतात आणि बंद ट्रॅकवर तिसऱ्या गिअरमध्ये गाडी दामटताना काटा पाहतात. इंजिनाचे फेरे वाढत असताना काटा चढत राहिला, तर पंप ठीक आहे. पाच हजार फेऱ्यांच्या पुढे तो खाली झुकू लागला, तर पाय ताबडतोब उचलावा आणि चकती बदलण्याआधी पंप तपासावा.