उत्तर कोकणातील शरद ऋतूतील हवामान आपत्ती : एक ऐतिहासिक अभ्यास
(भिवंडी तालुक्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या हवामानाचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने दोन विषयांकडे वेधले जाते : पावसाळ्यातील महापूर आणि पावसाअभावी पडलेले दुष्काळ. आश्विन व कार्तिक हे महिने सुगीचे, सणांचे व निरभ्र आकाशाचे मानले गेल्यामुळे या काळातील आपत्तींचा स्वतंत्र विचार फारसा झालेला नाही. वस्तुतः मुंबई बंदर व त्यालगतच्या ठाणे जिल्ह्याच्या नोंदवलेल्या इतिहासातील काही मोठी वादळे याच महिन्यांतील आहेत. प्रस्तुत लेखात १८५४ पासून २०१९ पर्यंतच्या निवडक घटनांच्या आधारे या आपत्तींचे स्वरूप तपासले आहे. शरदातील वादळाने केलेली हानी वाऱ्याच्या वेगाइतकीच शेती व दर्यावरील कामाच्या वेळापत्रकावर अवलंबून होती, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

१. प्रदेश आणि सुगी

भिवंडी तालुका उल्हास नदीच्या खाडीला लागून आहे. भिवंडी शहरातून वाहणारी कामवारी नदी याच खाडीला मिळते. भिवंडी-ठाणे रस्त्यावरील पूर्णा, राहनाळ, काल्हेर ही गावे खाडीच्या जवळच्या सखल पट्ट्यात येतात. आज हा पट्टा गोदामांसाठी ओळखला जातो; परंतु त्याची पूर्वीची ओळख भात, गवत, मासळी व मीठ यांच्याशी निगडित होती. भिवंडी गाव लोहमार्गापासून दूर असल्यामुळे तेथील मालाची ने-आण दीर्घकाळ खाडीतील पडाव व मचव्यांवर विसंबून होती.

या भागात भाताचे हळवे, निमगरवे व गरवे असे प्रकार केले जातात. हळवे भात आश्विनात कापणीस येते, तर गरवे कार्तिकात. कापलेले भात काही दिवस शेतातच वाळते, नंतर त्याचे भारे बांधून उडवी रचली जाते व खळ्यावर झोडणी होते. म्हणजेच वर्षभराचे धान्य या काही आठवड्यांत उघड्यावर असते. समुद्राच्या बाबतीतही स्थिती वेगळी नाही. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पुन्हा दर्यात जातात आणि दिवाळीच्या सुमारास मासेमारी व किनारी वाहतूक भरात येते. आषाढात दर्या खवळलेला असतो, तेव्हा होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. कार्तिकात त्या खोल पाण्यात असतात. शरदातील वादळाचा विचार करताना ही वस्तुस्थिती विसरता येत नाही.

२. पंचांगातील शरद

पावसाची नक्षत्रे सामान्यतः मृगापासून स्वातीपर्यंत मोजली जातात. त्यांपैकी हस्त नक्षत्र सप्टेंबरच्या अखेरीस लागते. या नक्षत्राचा गडगडाटी पाऊस ‘हत्तीचा पाऊस’ म्हणून ओळखला जातो आणि महाराष्ट्राच्या अनेक भागांत मुली पाटावर हत्तीचे चित्र मांडून हादगा किंवा भोंडला खेळतात. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्याच्या अखेरीस येणाऱ्या वादळांना पोर्तुगीजांनी ‘एलिफंटा’ असे नाव दिले होते. १८८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात त्याची व्युत्पत्ती हस्त नक्षत्राशी जोडलेली आहे. घारापुरी बेटाच्या नावाशी या संज्ञेचा संबंध नाही. ते नाव तेथील दगडी हत्तीवरून पडले.

भारतीय हवामानशास्त्र विभागाने २०२० मध्ये मान्सूनच्या सर्वसाधारण तारखांची फेरमांडणी केली. तीत मुंबईतून मान्सून परतण्याची तारीख ८ ऑक्टोबर अशी धरण्यात आली. ही तारीख हस्त नक्षत्राच्या काळातच येते. लोकपरंपरेचे निरीक्षण येथे अचूक ठरते. तथापि स्वाती नक्षत्र नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात संपते आणि त्याबरोबर पावसाची गणनाही थांबते. त्यापुढील काळातील वादळांसाठी या परंपरेत जागा नव्हती.

३. वादळांमागील कारणे

अरबी समुद्रातील चक्रीवादळांचे वर्षात दोन हंगाम आढळतात : मान्सूनपूर्वी मे-जूनचा आणि मान्सूनोत्तर ऑक्टोबर-डिसेंबरचा. ऐन पावसाळ्यात खालच्या व वरच्या थरांतील वाऱ्यांचा वेग व दिशा यांत मोठा फरक असल्यामुळे चक्रीवादळ सहसा बांधले जात नाही. मान्सून परतल्यावर हा फरक कमी होतो व समुद्राचे पाणी उबदार असते. लक्षद्वीप-कोमोरिन भागात तयार झालेली किंवा बंगालच्या उपसागरातून द्वीपकल्प ओलांडून आलेली प्रणाली अशा वेळी बळावते. बहुतेक वादळे पश्चिमेकडे खोल समुद्रात निघून जातात. काही मात्र उत्तरेकडे सरकून पुढे ईशान्येस वळतात आणि गुजरात वा उत्तर कोकणाचा किनारा गाठतात.

४. नोंदवलेल्या प्रमुख घटना

(अ) नोव्हेंबर १८५४ : नोव्हेंबरच्या आरंभी मुंबई बंदरावर आलेल्या चक्रीवादळात चार तासांत सुमारे एक हजार माणसे मृत्युमुखी पडल्याची व सुमारे पाच लाख पौंडांच्या मालमत्तेची हानी झाल्याची नोंद मुंबईच्या इतिहासग्रंथांत आहे. मुंबई-ठाणे लोहमार्ग १८५३ मध्ये सुरू होऊन १८५४ च्या मे महिन्यात कल्याणपर्यंत पोहोचला होता. तरीही मुंबईचे जीवन अद्याप शिडाच्या जहाजांवर अवलंबून होते. या वेळी भारतात वादळाचा इशारा देणारी व्यवस्था नव्हती. ती १८६४ च्या ऑक्टोबरमधील कलकत्त्याच्या विनाशकारी वादळानंतर, १८६५ मध्ये त्या बंदरासाठी सुरू झाली व १८८० मध्ये पश्चिम किनाऱ्यापर्यंत आली.

(आ) नोव्हेंबर १८८८ : ८ नोव्हेंबर १८८८ रोजी कच्छमधील मांडवीहून मुंबईकडे निघालेली ‘वैतरणा’ ही आगबोट सौराष्ट्राच्या किनाऱ्यालगत वादळात सापडून नाहीशी झाली. ठाणे जिल्ह्यातील नदीचे नाव धारण करणाऱ्या या बोटीवर सातशेहून अधिक माणसे होती; त्यांत मॅट्रिकच्या परीक्षेसाठी मुंबईस येणारे विद्यार्थीही होते. विजेच्या दिव्यांमुळे ती ‘वीजळी’ म्हणून प्रसिद्ध होती व तिची आठवण गुजराती लोकगीतांत टिकली. पश्चिम किनाऱ्यावर इशाऱ्याची व्यवस्था येऊन आठ वर्षे झाली होती, तरी बंदर सोडून गेलेल्या बोटीला कळविण्याचे साधन नव्हते.

(इ) नोव्हेंबर १९४८ : २१-२२ नोव्हेंबर रोजी मुंबई व परिसराला चक्रीवादळाचा तडाखा बसला. झाडे उन्मळून पडली, वीज व रेल्वे वाहतूक विस्कळीत झाली. देशात अन्नधान्याची टंचाई असून उठविलेली नियंत्रणे त्याच शरदात पुन्हा लागू होत होती. अशा वेळी गरव्या भाताच्या कापणीच्या दिवसांत आलेल्या वादळाचे महत्त्व शहरातील पडझडीपुरते मर्यादित मानता येत नाही.

(ई) नोव्हेंबर २००९ : ‘फयान’ हे चक्रीवादळ ११ नोव्हेंबर रोजी दुपारी अलिबाग ते मुंबई या दरम्यान किनाऱ्यावर आले. रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील मच्छीमारांना प्राणास मुकावे लागले. उपग्रहाच्या युगातही खोल समुद्रातील नौकेपर्यंत इशारा वेळेवर पोहोचविण्याचा १८८८ मधील प्रश्न सुटलेला नव्हता.

(उ) ऑक्टोबर २०१९ : ‘क्यार’ हे वादळ किनाऱ्यावर न येता पश्चिमेकडे वळले, परंतु ऐन दिवाळीत झालेल्या पावसाने कोकणातील कापलेले व उभे भात भिजले. राष्ट्रपती राजवटीच्या काळात, १६ नोव्हेंबर रोजी राज्यपालांनी खरीप पिकांसाठी दोन हेक्टरच्या मर्यादेत हेक्टरी ८,००० रुपयांची मदत जाहीर केली. वादळ जमिनीवर न येताही सुगी नष्ट होऊ शकते, हे या घटनेने दाखविले.

५. साधनांचे स्वरूप

या घटनांची माहिती देणारी साधने प्रामुख्याने बंदराशी संबंधित आहेत. १८२६ मध्ये स्थापन झालेल्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून हवामानाची नियमित निरीक्षणे उपलब्ध होतात. अशा निरीक्षणांचे मोल एका उदाहरणावरून स्पष्ट होते. ६ जून १८८२ रोजी मुंबईत चक्रीवादळाने एक लाख माणसे दगावली, असे विधान अनेक ग्रंथांतून उद्धृत होत आले. २०१९ मध्ये अ‍ॅडम सोबेल व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात असे वादळ झालेच नव्हते, हे दाखवून देण्यात आले. न झालेले वादळ ग्रंथांतून फिरत राहिले आणि झालेल्या वादळांतील शेतीची हानी मात्र अलिखित राहिली.

याचे कारण महसुली पद्धतीत आढळते. जहाजाला मालक, विमा व चौकशी न्यायालय होते. शेतकऱ्याच्या हानीची मोजणी आणेवारीने, म्हणजे पुढील काळातील पैसेवारीने होत असे व तिचा आधार उभ्या पिकाचा अंदाज हा होता. कापून शेतात वाळत घातलेले भात या अंदाजाच्या कक्षेबाहेर राही. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत २०१६ पासून काढणीनंतर १४ दिवसांपर्यंतच्या अशा हानीचा समावेश झाला. महाराष्ट्रात २०२५ च्या खरीप हंगामासाठी मात्र पीक कापणी प्रयोगावर आधारित उत्पन्न हाच भरपाईचा निकष ठेवण्यात आला व काढणीपश्चात हानीची स्वतंत्र तरतूद वगळली गेली.

६. निष्कर्ष

१. अभ्यासलेल्या पाचही घटना दिवाळीच्या दिवसांत किंवा त्यानंतरच्या चार आठवड्यांत घडल्या. या काळात धान्य शेतात व होड्या खोल समुद्रात असल्यामुळे मध्यम तीव्रतेचे वादळही विनाशकारी ठरते.

२. लोकपरंपरेला हस्ताचा पाऊस परिचित होता; १८८८, १९४८ व २००९ ची वादळे मात्र पावसाच्या नक्षत्रांबाहेरची असल्यामुळे ती प्रत्येक पिढीला अनपेक्षित वाटली.

३. उपलब्ध नोंदींमध्ये बंदराची हानी ठळक व शेताची अस्पष्ट आहे. त्यामुळे केवळ जहाजे व मृतांच्या संख्येवरून शरदातील आपत्तीचे मोजमाप करणे अपुरे ठरते.

४. पूर्णा परिसरातील भातखाचरांच्या जागी गोदामे उभी राहिली असली, तरी तालुक्याच्या पडघा, अंबाडी, दुगाड या भागांत भाताची सुगी आजही कार्तिकात उघड्यावर असते. कापलेल्या पिकाची हानी स्वतंत्रपणे नोंदविली गेली नाही, तर पुढील इतिहासकारालाही तिचा पुरावा मिळणार नाही आणि त्या शेतकऱ्याला भरपाईही मिळणार नाही. या दोन्ही गोष्टींचे मूळ एकाच नोंदीच्या अभावात आहे.