केसपेपर आणि करपलेला डॉक्टर

डॉक्टर हाही श्रमिकच, असे म्हटले तर श्रोत्यांपैकी काहींच्या भुवया उंचावतील. तथापि अमेरिकेतील केसपेपरचा इतिहास पाहिला म्हणजे दुसरे अनुमान निघत नाही.

१९६८ साली डॉ. लॉरेन्स वीड यांनी असा विचार मांडला की, केसपेपर रुग्णाच्या एकेका तक्रारीनुसार पद्धतशीर लिहिला, तर तो उपचार करणाऱ्यालाच शिकवील. हेतू निर्मळ होता. कागद हरवतो, अक्षर लागत नाही. तेव्हा नोंद संगणकात जावी, हेही योग्यच. यंत्राला विरोध करा, असे आम्ही म्हणत नाही. २००९ साली तेथील सरकारने हायटेक कायद्याने या कामी अब्जावधी डॉलर दिले आणि यंत्र झपाट्याने दवाखान्यांत शिरले. परंतु त्याच पडद्यावर बिलाचे, विम्याचे, अहवालांचे रकाने येऊन बसले आणि ते भरणे डॉक्टरांच्या माथी आले.

परिणाम काय झाला? ५७ डॉक्टरांच्या कामाची पाहणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. रुग्णासमोरच्या एका तासामागे जवळजवळ दोन तास संगणकावर व टेबलकामात जात. शिवाय रात्री घरी तास-दोन तास. आम्ही याला बिनपगारी ओव्हरटाइम म्हणतो. १९७४ साली न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी मोफत दवाखान्यांत राबणाऱ्यांच्या करपून जाण्याचे वर्णन 'बर्नआउट' या नावाने केले होते. तेच आता येथे दिसू लागले.

उपाय म्हणून शिक्षण पुढे आले. कोलोरॅडोत अकरा जणांची तुकडी एकेका दवाखान्यात दोन आठवडे राही, डॉक्टरांना शिकवी, पडद्याची मांडणीही सुधारून देई. डॉक्टरांचे समाधान वाढले. पण २०१९ च्या अहवालानुसार करपलेल्यांचे प्रमाण ३९ टक्क्यांवरून ३४ टक्क्यांवरच आले. आमच्या मते कारण उघड आहे. निरर्थक रकाना कितीही चपळाईने भरला, तरी तो निरर्थकच राहतो.

२०१७ साली हवाई पॅसिफिक हेल्थ या संस्थेने कर्मचाऱ्यांनाच विचारले, यातले काय फुकट आहे? परिचारिकांच्या फेरीची, चोवीस सेकंद खाणारी एक नोंद काढून टाकली. चार रुग्णालयांत मिळून ती महिन्याचे सुमारे १७०० तास खात होती!

आपल्याकडे २०२१ साली आयुष्मान भारत डिजिटल मिशन सुरू झाले आहे. तेव्हा दोन मागण्या आत्ताच केल्या पाहिजेत: शिक्षण कामाच्या वेळेत व पगारी हवे, आणि रकाना भरणाऱ्याला तो खोडण्याची सूचना करण्याचा हक्क हवा. हा प्रश्न केवळ डॉक्टरांचा नाही. आजारपणात आपण समोर बसू, तेव्हा त्यांची नजर आपल्याकडे असेल की पडद्याकडे, हे त्यावरच ठरणार आहे.