शाल-श्रीफळ पुरे, शाहिराला विद्यापीठात जागा द्या!

दरवर्षी जयंतीला आपण एखाद्या वृद्ध शाहिराला व्यासपीठावर बोलावतो. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, टाळ्या. दुसऱ्या दिवशी तो घरी जातो आणि त्याची कलाही त्याच्याबरोबर जाते. याला आम्ही सन्मान म्हणत नाही. कलावंताचा सन्मान कसा करावा, हे अमेरिकेतील फिस्क विद्यापीठाच्या इतिहासातून शिकण्यासारखे आहे.

गुलामीतून नुकत्याच मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांसाठी 1866 मध्ये नॅशव्हिल येथे फिस्क सुरू झाले. पाच वर्षांतच ते बंद पडायची वेळ आली. तेव्हा 1871 मध्ये 'जुबिली सिंगर्स' हा विद्यार्थ्यांचा गायकसंघ दौऱ्यावर निघाला. त्यातले बहुतेक गुलामीत जन्मलेले. आपल्या पूर्वजांची गीते गाऊन त्यांनी अमेरिकेत आणि युरोपात पैसा उभा केला. त्यातूनच 'जुबिली हॉल' बांधला गेला. कलावंतांनी विद्यापीठ वाचवले!

पुढे फिस्कनेही कलावंताची कदर केली. 1930 मध्ये हार्लेमचे नामवंत चित्रकार आरन डग्लस यांना बोलावून नव्या ग्रंथालयाच्या भिंती त्यांच्या हाती दिल्या. डग्लस यांनी त्यांवर आपल्या लोकांचा आफ्रिकेपासूनचा इतिहास रंगवला. नंतर त्यांनी तिथेच कला विभाग उभारला आणि 1966 पर्यंत शिकवले. 1973 मध्ये विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. म्हणजे पदवी शेवटी आली. भिंती, नोकरी आणि विद्यार्थी आधी मिळाले.

डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस याच फिस्कचे विद्यार्थी. 1946 मध्ये बाबासाहेबांनी त्यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे दिल्या जाणाऱ्या निवेदनाच्या प्रती मागवल्या होत्या. त्यांच्या लढ्याकडून शिकण्यात बाबासाहेबांना कमीपणा वाटला नाही. मग आपण का मागे राहावे?

काही जण म्हणतील, शाहिराकडे पदवी कुठे आहे? वामनदादा कर्डकांकडे तरी कुठे होती? अक्षरओळखही त्यांना मोठेपणी झाली. आज त्यांच्या गाण्यांवर पीएच.डी. होते. ज्याच्या शब्दांवर पदव्या मिळतात, तो वर्गात उभा राहायला अपात्र कसा?

1978 ते 1994 असा नामांतराचा लढा चालला. शाहिरांनी तो गावोगाव गाऊन पोहोचवला. बाबासाहेबांचे नाव मिळालेल्या विद्यापीठावर त्यांचे ऋण आहे. म्हणून आमची मागणी साधी आहे: दरवर्षी एका ज्येष्ठ शाहिराला विद्यापीठात वर्षभर मानधन, राहायला खोली आणि शिकणारी मुले द्या. विद्यार्थी मित्रांनो, पुढच्या निवेदनात ही मागणी पहिल्या क्रमांकावर लिहा.

जय भीम!